जागेला मालक, भांड्यांना पाहुणे

ग्रीसला जाऊन आलेला प्रत्येक जण एक शब्द सोबत घेऊन येतो: फिलोक्सेनिया. रीलच्या कॅप्शनमध्ये तो असतो, हॉटेलच्या बोर्डावर असतो, टूर कंपनीच्या पत्रकात तर असतोच असतो. 'क्सेनोस' म्हणजे परका माणूस. त्याच्याविषयीचं प्रेम म्हणजे फिलोक्सेनिया. मग खाली ठरलेला मजकूर येतो. काळ्या कपड्यांतली आजी, तिने हातावर ठेवलेली अंजिरं, भाषा कळत नसताना झालेलं पोटभर जेवण, आणि 'आपण हे सगळं विसरत चाललोय' असा एक सुस्कारा.

अंजिरं खरी असतात. आजीही खरी असते. माझं भांडण त्या शब्दाशी आहे. कारण ऑगस्ट महिन्यात ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या गावात जी बाई सगळ्यांत जास्त राबत असते, ती परक्यांसाठी राबतच नसते. ती स्वतःच्या भावाबहिणींसाठी, भाच्यांसाठी, नातवंडांसाठी राबत असते. त्या राबण्याला असा देखणा शब्द कुणी काढलेला नाही. त्याला नुसतं 'घरचे आलेत' म्हणतात.

मी अथेन्सला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. गेले दोन उन्हाळे लॅपटॉप घेऊन मेसिनियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहिले, कलामातापासून तासाभराच्या अंतरावर. ज्या ऑलिव्हचं नाव आपण पिझ्झाच्या मेन्यूत वाचतो, ते हे कलामाता. एका सहकाऱ्याच्या थियाच्या घराला लागून एक खोली आहे, ती मी भाड्याने घेतली होती. थिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळंच. ही त्याची आत्या. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते भाडं भरणाऱ्या एका परकीने शेजारच्या स्वयंपाकघरातून पाहिलेलं आहे.

आधी घर सांगते. दगडी, दोन मजली, समुद्र चालत पाच मिनिटांवर. बाथरूम एक. छतावर सोलर. गावात ड्रेनेजची लाइन नाही, त्यामुळे मागे सेप्टिक टँक. हिवाळ्यात या घरात माणसं किती? एक. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात किती? चौदा. आमच्या धंद्यात सर्व्हरवर असा लोड येणार असेल तर दोन महिने आधीपासून मीटिंगा होतात, रात्री कोण जागणार याची ड्युटी लागते. इथे फक्त व्हायबरच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज येतो: 'आम्ही ४ तारखेला निघतोय.' परत कधी जाणार, ते त्यात नसतं.

समुद्रावरून आलेले पाच-सहा जण अंगावरचं मीठ धुऊन निघाले की सोलरचं पाणी कोमट. थिया सगळ्यांत शेवटी अंघोळ करते. सेप्टिक टँक वर्षभर बिचारा गप्प असतो, पण ऑगस्टमध्ये भरतो आणि मैला उपसणारा टँकर बोलवावा लागतो. आणखी एक गोष्ट रीलवाले सांगत नाहीत. ग्रीसमध्ये टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकत नाहीत. पाइप अरुंद असतात, तुंबतात. तो शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. चौदा माणसांचा तो डबा रोज कोण रिकामा करतं, हा प्रश्न ग्रीक आतिथ्यावरच्या एकाही लेखात मी वाचलेला नाही.

थिया पहाटे साडेपाचला उठते. धार्मिक कारण वगैरे काही नाही, ऊन चढायच्या आत ओव्हन लावून मोकळं व्हायचं असतं. येमिस्ता करायचे असतील तर टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या कोरायच्या, आतला गर किसून तांदूळ, कांदा, पुदिना घालून परत भरायच्या. माणशी दोन धरले तर अठ्ठावीस. जेवणाला अडीच वाजतात. त्यानंतरचा प्रकार मला सगळ्यांत भारी वाटतो. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच हे ग्रीसमध्ये अधिकृत शांततेचे तास आहेत. आवाज केलात तर शेजारी पोलिसांना फोन करू शकतात. म्हणजे जेवलेल्यांच्या झोपेला राज्याचं संरक्षण आहे. थिया त्या वेळात नळ बारीक सोडून भांडी घासते, ताटाला ताट लागू न देता.

पुरुष मंडळी काही करत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते एका संध्याकाळी कोळशावर मासे भाजतात. त्याचे फोटो ग्रुपवर येतात. मासे साफ करताना कुणी फोटो काढत नाही.

१५ ऑगस्ट हा तिकडचा मोठा सण. मारियामातेच्या महानिद्रेचा दिवस; देशभर सुट्टी, गावोगाव जत्रा, रात्रभर नाच. त्याआधीचे चौदा दिवस ऑर्थोडॉक्स चर्चचा उपास असतो, मांस-दूध-चीज वर्ज्य. थिया उपास पाळते आणि पोरांसाठी मटणाचे गोळे तळते, चव न घेता. आणि खरी गंमत अशी, की ग्रीसमध्ये वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. ज्या संताचं नाव तुमचं, त्याच्या दिवशी लोक तुमच्याकडे येतात आणि खायला-प्यायला तुम्ही घालायचं. १५ ऑगस्टला मारिया, पानायोता, देस्पिना अशा निम्म्या बायकांचा दिवस असतो. आमच्या थियाचं नाव त्यातलंच एक. म्हणजे वर्षात जो एक दिवस तिचा, त्या दिवशी काम सगळ्यांत जास्त.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं 'पाहुणचार' या शब्दाखाली का खपतं? थियाचे वडील गेले तेव्हा घर चार भावंडांच्या नावावर आलं, वाटणी न होता. ग्रीक कायद्यात त्याला 'एक्स आदिएरेतू' म्हणतात, अविभक्त. अमुक खोली अमक्याची असं नाही. प्रत्येक दगडात प्रत्येकाचा पाव हिस्सा. एक भाऊ अथेन्सला, एक बहीण श्टुटगार्टला, एक भाऊ मेलबर्नला. थिया मागे राहिली, आईवडिलांचं आजारपण काढलं, घर धरून बसली. ग्रीसमधली अशी कितीतरी घरं याच पद्धतीने नावावर आहेत.

त्यामुळे अथेन्सचा भाऊ तारीख न विचारता येतो तेव्हा त्याचं म्हणणं कायद्याने बरोबरच असतं: 'माझ्याच घरी यायला परवानगी कसली?' समुद्राकडची खोली तो घेतो, कारण तो मालक आहे. जेवण झाल्यावर ताट तिथेच ठेवून उठतो, कारण तो पाहुणा आहे. जागेला मालक, भांड्यांना पाहुणा. दोन्हींचे फायदे एकाच माणसाला आणि दोन्हींचे तोटे दुसऱ्या एका माणसाला, हे गणित ज्या घरात चालतं तिथे आतिथ्याची स्तुती करणं म्हणजे त्या गणितावर पांघरूण घालणं आहे.

मालमत्ता कराचं बघा. एनफिया नावाचा हा कर सरकार ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे ज्याला त्याला पाठवतं. तो चौघेही भरतात, बिनबोभाट. म्हणजे हिश्शाचा हिशेब या लोकांना जमत नाही अशातला भाग नाही. ज्या गोष्टीचं बिल सरकार पाठवत नाही, तिथेच सगळ्यांची गणितं कच्ची होतात. फेब्रुवारीत गळलेलं छत, टँकर, स्वयंपाकाचा गॅस, फाटलेल्या चादरी. खरं तर सामाईक मालमत्तेचा खर्च हिश्शाप्रमाणे वाटून घ्यावा असं तिथला दिवाणी कायदाही म्हणतो. पण बहीण भावाला कायद्याचं कलम कशी दाखवणार? ती म्हणते, 'आले तेच खूप झालं.'

हे 'आले तेच खूप झालं' मला सगळ्यांत जास्त ऐकवलं गेलंय. तिला आवडतं गं, असं सहकारी म्हणाला. हिवाळाभर वाट बघते. खोटं नाही. नोव्हेंबरात त्या गावात संध्याकाळी चार दिवे दिसतात. माणसं आली की थियाचा आवाज बदलतो, हे मी स्वतः ऐकलंय. पण माणसं आवडणं आणि माणसांची भांडी आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पहिलीत मिसळून टाकली की फावतं कुणाचं, ते सांगायला नको. आई मुलावर प्रेम करते म्हणून तिने चाळीस वर्षाच्या मुलाचे बूट पुसावेत, असं आपण उघड म्हणत नाही. ऑगस्टमध्ये मात्र म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला मी टाळणार नाही. येणारे काही श्रीमंत नसतात. युरोस्टॅटच्या आकडेवारीप्रमाणे ग्रीसमध्ये दर दहातल्या चाराहून अधिक लोकांना वर्षातून एक आठवडा बाहेर सुट्टीवर जाणं परवडत नाही. ज्या देशात २०२३ साली सव्वातीन कोटींहून जास्त परदेशी पर्यटक आले, त्या देशाची स्वतःची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आहे, आणि तिथल्याच माणसाला तिथल्याच समुद्राकाठी खोली घेता येत नाही. अथेन्सच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चाळिशी पार केलेलं तापमान मी भोगलंय. जूनच्या मध्यात शाळा बंद होतात आणि ११ सप्टेंबरला उघडतात; आईबाप दोघं नोकरी करत असतील तर पोरं गावी पाठवण्यावाचून इलाज नसतो. गावातलं घर ही या लोकांची चैन नाही, एकमेव सुट्टी आहे.

मान्य. पण मग या स्वस्त सुट्टीची किंमत कुठे गेली? ती नाहीशी झालेली नाही. हॉटेलला, पाळणाघराला, खानावळीला जे द्यावं लागलं असतं ते एका अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या गुडघ्यांतून वसूल झालं, जिचं पेन्शन त्या सगळ्यांच्या पगारांहून कमी आहे. गरीब माणसाला सुट्टी मिळायला हवी, याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. ती त्याच्याहून गरीब माणसाने द्यावी, याच्याशी नाही.

२०२३च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरून 'टॉवेल चळवळ' सुरू झाली. बीच बारवाल्यांनी छत्र्या आणि आरामखुर्च्या टाकून वाळू गिळली होती. लोक टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, समुद्र सगळ्यांचा आहे म्हणाले. सुंदर चळवळ. आमच्या घरातले दोन भाचे तिचे कट्टर समर्थक आहेत. रात्री गच्चीवर खाजगीकरणावर त्यांचं भाषण रंगलं होतं तेव्हा थिया खाली दोरीवरचे त्यांचेच टॉवेल काढत होती. चौदा टॉवेल, वाळू झटकून, घड्या घालून. संपूर्ण ऑगस्टमध्ये ती किती वेळा पोहायला गेली, मी मोजलं: तीनदा. समुद्र सगळ्यांचा!

पाहुणचाराची बाजू मांडणारे होमरला साक्षीला काढतात. झ्यूस हाच मुळी पाहुण्यांचा रक्षक, वगैरे. मला वाटतं यांनी 'ओडिसी' नीट वाचलेलं नाही. त्या काव्यातले खलनायक कोण आहेत? न जाणारे पाहुणे. एकशे आठ जण पेनेलोपीच्या घरात ठाण मांडून वर्षानुवर्षं दुसऱ्याचे डुकरं-बैल खातात. आणि विसाव्या सर्गात एक बाई आहे, जिचं नावही होमर सांगत नाही. घरात बारा बायका जात्यावर दळायला आहेत. अकरा जणी आपला वाटा दळून झोपल्यात. ही सगळ्यांत अशक्त, हिचं दळण अजून संपलेलं नाही. पहाटे ती जातं थांबवते आणि झ्यूसकडे मागणं मागते, की या लोकांचं आजचं जेवण हे शेवटचं ठरू दे, यांच्यासाठी दळून दळून माझं अंग मोडलं. पाहुण्यांचा देव तिचं ऐकतो. सगळी फिलोक्सेनिया सांगून झाल्यावर ही दळणारी तेवढी कशी राहून जाते?

श्टुटगार्टच्या बहिणीविषयी मला राग धरता येत नाही. १९६० साली पश्चिम जर्मनी आणि ग्रीस यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला आणि लाखो लोक गेले. जर्मनांनी त्यांना नाव दिलं 'गास्टआर्बायटर', पाहुणा-कामगार. राबायचं मालकासारखं... नाही, राबायचं गड्यासारखं आणि राहायचं पाहुण्यासारखं, म्हणजे कधी ना कधी परत जाण्याच्या बोलीवर. या बाईने पस्तीस वर्षं कारखान्यात उभं राहून काढली. घराचा वरचा मजला तिच्याच पैशाने चढला. गावी आल्यावर पहिले दोन दिवस ती मदत करते, तिसऱ्या दिवशी म्हणते, 'वर्षभर हेच करते, मला पण सुट्टी हवी.' तिचंही खरंच आहे. दोन दमलेल्या बायका एका सिंकपाशी भांडतात आणि तिसरीकडे भाऊ कलिंगड कधी कापणार म्हणून विचारतो. मला राग येतो तो त्या कलिंगडाच्या प्रश्नाचा.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटणार नाही, विशेषतः कोकणातल्या. माझं आजोळ गुहागरकडचं. सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की वाचताना दम लागतो, आणि चूल पेटवणारी मामी एकच. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी येतात. गेलेल्याला त्याच्या कामावरून नाव मिळालं: चाकरमानी. मागे राहिलेलीला काय म्हणतात? काहीच नाही. ती 'घरी असते'. फरक एवढाच की आपल्याकडे एक दिवस पाहुणा आणि तिसऱ्या दिवशी अक्कल विचारणारी म्हण तरी आहे. पण ती परक्यांना लागू, सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना नाही.

थियाच्या शेजारणीने वेगळा मार्ग काढला. तिने तळमजला बुकिंग अॅपवर टाकला. आता ऑगस्टमध्ये पुतण्याचा फोन आला की ती गोड आवाजात सांगते, 'अरे बाळा, बुक आहे.' गावात तिला पैशाची लोभी म्हणतात. मी तिच्याकडच्या पर्यटकांनाही पाहिलं: अकरा वाजता खोली सोडतात, कचरा बाहेर ठेवतात, जाताना आभाराचा मेसेज करतात. परक्या डच जोडप्याकडून तिला जो मान मिळतो तो सख्ख्या पुतण्याकडून मिळत नव्हता. माझा मोबदला अशाच अॅपसारख्या गोष्टी बनवण्यातून येतो, तरी या अॅपनी गावंच्या गावं भाड्याने महाग करून टाकलीत हे मला दिसतं. त्यांचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. पण त्या कॅलेंडरवर एक सोय आहे, तारीख ब्लॉक करण्याची. नातेवाइकांच्या कॅलेंडरवर ती नाही. सत्तरीला टेकलेल्या बाईला स्वतःच्या घरात 'या आठवड्यात नको' म्हणायला एका कंपनीचं सॉफ्टवेअर मध्ये घालावं लागतं, ही शेजारणीच्या लोभापेक्षा तिच्या नातेवाइकांची शरम आहे.

'मग काय घराचं हॉटेल करायचं?' असं मला विचारण्यात आलं. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बाईला पगार असतो, ड्युटीचे तास असतात, आठवड्याची सुट्टी असते. थियाच्या घराचं हॉटेल झालं तर निदान मंगळवारी ती पोहायला जाईल. पण एवढ्या लांब जायची गरजच नाही. येण्याची तारीख कळवताना जाण्याची कळवा, आणि थियाला चालेल का हे विचारा. ती 'कधीही या' म्हणेल, तेव्हा पुन्हा विचारा. टँकरचं आणि गॅसचं बिल एनफियासारखंच चार हिश्शांत वाटा, ग्रुपवर फोटो टाकून. जेवण झाल्यावर ताट उचलायला जो पहिला उठेल तो पुरुष असावा, निदान पहिली पाच वर्षं, बायकांची थकबाकी फिटेपर्यंत. सगळे एकदम १५ ऑगस्टच्या आसपास कोसळण्याऐवजी कुणी जूनमध्ये यावं, ज्याला शाळेची पोरं नाहीत त्याने सप्टेंबरात. पाणी तेव्हाही उबदारच असतं. आणि एक आठवडा सगळ्यांनी मिळून थियाला घराबाहेर काढावं. श्टुटगार्ट तिने अजून पाहिलेलं नाही.

यातलं काहीच अवघड नाही, म्हणूनच ते होत नाही याचा अर्थ लागतो. ऑगस्टच्या शेवटी गाड्या भरल्या जातात. टपावर पोरांच्या सायकली, डिकीत टोमॅटो, वाळवलेला ओरेगानो, केपर्सच्या बरण्या आणि सतरा लिटरचा ऑलिव्ह तेलाचा डबा, प्रत्येक कुटुंबाला एक. झाडं पण सामाईकच आहेत, त्यामुळे तेलावर हक्क आहे. ऑलिव्ह उतरवतात नोव्हेंबरात, जाळ्या पसरून, थंडीत, पाठ मोडेपर्यंत. मागच्या नोव्हेंबरात थियाने फॅमिली ग्रुपवर विचारलं होतं, या वेळी कोणाला यायला जमेल का. सहकाऱ्याने मला ते अथेन्सच्या ऑफिसात फोनवर दाखवलं. चौदा जणांनी मेसेज वाचला होता. अकरा जणांनी हृदय पाठवलं होतं.